परदेशी खेळाडू घेणं जास्त जोखमीचं की देशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फुटबॉलच्या वरच्या विभागातल्या एका मध्यम क्लबकडे एकच फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, घेण्याइतके पैसे आहेत आणि समोर दोन नावं आहेत. एक परदेशी, चोवीस वर्षांचा, त्याच्या देशातल्या लहानशा लीगमध्ये भरपूर गोल केलेला. दुसरा देशी, सव्वीस वर्षांचा, आपल्याच लीगमध्ये खेळणारा, गोल निम्मे आणि किंमत जवळजवळ दुप्पट. संचालक मंडळ म्हणतं, देशी घ्या, धोका नको. त्यात परदेशी खेळाडूचा एजंट पाच वर्षांच्या करारावर अडून बसला आहे. काय करावं?

खेळाडूंची भरती आणि त्यांचे करार या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून आधी मत सांगतो आणि मग कारणं. परदेशी खेळाडूतले धोके दिसतात, मोजता येतात आणि त्यातले बरेचसे सही करण्याआधीच कमी करता येतात. देशी खेळाडूतला धोका किमतीत मुरलेला असतो. ‘आपल्या माहितीतला आहे’ म्हणून आपण जादा पैसे मोजतो, आणि माहितीतला आहे म्हणूनच त्याची धड चौकशी करत नाही. तुमचं मंडळ सुरक्षित पर्याय निवडतंय असं मला वाटत नाही. परदेशी खेळाडू फसला तर ‘हा आणला कुणी?’ असं विचारलं जातं, देशी फसला तर ‘नशीब’ म्हणून सोडून देतात. मंडळाला या दुसऱ्या वाक्याची सोय हवी असते.

नव्या लोकांना मी नेहमी ३१ जानेवारी २०११ची लिव्हरपूलची खरेदी दाखवतो. त्या दिवशी क्लबने फर्नांडो टोरेसला ५ कोटी पौंडांना चेल्सीला विकलं आणि दोन फॉरवर्ड आणले. डच क्लब अयाक्सचा उरुग्वेयन लुईस सुआरेझ सुमारे २ कोटी २८ लाख पौंडांना, आणि न्यूकॅसलचा इंग्रज अँडी कॅरोल ३ कोटी ५० लाखांना. कॅरोलने त्या मोसमात १९ लीग सामन्यांत ११ गोल केले होते. म्हणजे वरच्या विभागातल्या अर्ध्या मोसमाच्या भांडवलावर त्याची किंमत ठरली. ठरली कशी, तेही बघण्यासारखं आहे. टोरेसचे जे येतील त्यातून दीड कोटी वजा करायचे आणि उरतील ते न्यूकॅसलला द्यायचे, असा हिशोब होता, हे लिव्हरपूलच्या मालकांनीच पुढे उघड सांगितलं. या गणितात कॅरोल कसा खेळतो याला जागाच नव्हती. शिवाय तो मांडीची दुखापत घेऊन आला आणि मार्चमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला. लीगच्या ४४ सामन्यांत ६ गोल करून तो आधी उसना आणि मग दीड कोटींच्या आसपास वेस्ट हॅमला गेला.

सुआरेझबाबत मात्र धोका डोळ्यांसमोर होता. अयाक्समध्ये असताना प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला चावल्याबद्दल त्याच्यावर सात सामन्यांची बंदी होती आणि ती भोगत असतानाच त्याने लिव्हरपूलशी करार केला. तो धोका पुढे खराही ठरला. पॅट्रिस एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याच्या प्रकरणात आठ सामन्यांची बंदी, चेल्सीच्या इव्हानोविचला चावल्यावर दहा सामन्यांची. तरीही त्याने २०१३-१४ मध्ये ३३ लीग सामन्यांत ३१ गोल केले आणि बार्सिलोनाने त्याच्यासाठी सुमारे साडेसहा कोटी पौंड मोजले. ज्ञात असलेला दोष किमतीतून वजा होऊन आला होता. कॅरोलच्या किमतीतून काहीच वजा झालं नव्हतं.

एका जोडीवरून नियम बनत नाही, हे मान्य. म्हणून आता तुमच्या दोन नावांकडे येऊ.

परदेशी फॉरवर्डचे गोल बघताना पहिला प्रश्न असा की ते गोल आपल्यासोबत येतील का. डच लीग याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे. मातेया केझमानने पीएसव्हीसाठी १२२ लीग सामन्यांत १०५ गोल केले आणि चेल्सीत त्याला लीगमध्ये चार जमले. अफोन्सो आल्व्हेसने हीरेनव्हीनसाठी २००६-०७ मध्ये ३१ सामन्यांत ३४ गोल केले, मग मिडल्सब्रोने त्याच्यासाठी क्लबच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी रक्कम ओतली आणि दीड वर्षात क्लब खालच्या विभागात गेला. व्हिन्सेंट यानसेन २७ गोल करून टॉटनहॅमला आला, पहिल्या मोसमात लीगमध्ये दोन गोल. पण त्याच लीगमधून रूड व्हान निस्टलरॉय आला, आणि सुआरेझही तिथलाच. लीग वाईट नाही, गोलांचा आकडा वाचायची आपली पद्धत वाईट आहे.

गोल ही सगळ्यांत कमी प्रवास करणारी गोष्ट आहे. मी स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, सांगतो, गोल बाजूला ठेव. पेनल्टी वजा कर. तळाच्या चार संघांविरुद्धचे गोल वेगळे काढ. मग उरलेल्या प्रत्येक गोलाच्या आधीचे पाच सेकंद बघ. चेंडू आला तेव्हा पाठीवर बचावपटू होता का? पहिला स्पर्श कुठे गेला? जागा त्याने स्वतः काढली की मोकळी मिळाली? दबावाखालचा पहिला स्पर्श, चेंडू नसतानाची धाव, चेंडू गमावल्यावरचे पहिले तीन-चार सेकंद, या गोष्टी लीग बदलली तरी बऱ्याच अंशी टिकतात. क्लब युरोपीय स्पर्धेत खेळला असेल तर ते सामने आधी बघायचे, कारण तिथे समोरचा बचाव आपल्या लीगच्या तोडीचा असतो. अशी छाननी केली की चौतीस गोलांचे कधी अकरा होतात, कधी पंचवीस. अकरावाला महाग आहे, पंचवीसवाला स्वस्त.

देशी खेळाडूबाबत ही छाननी कुणी करतच नाही, कारण ‘आपल्याच लीगचे गोल आहेत, भाषांतराची गरज काय?’ असं सगळ्यांना वाटतं. लीग तीच असली तरी काम तेच नसतं. तळाच्या संघात प्रतिहल्ल्यावर खेळणाऱ्या फॉरवर्डपुढे चाळीस मीटर मोकळं मैदान असतं. तोच माणूस चेंडू ताब्यात ठेवणाऱ्या संघात आला की पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी नऊ माणसं उभी असतात. त्याची धाव निकामी होते. तुमचा क्लब मध्यम आहे म्हणता, तर हे दोन्ही बाजूंनी तपासा.

आणखी एक सवय मी प्रत्येक क्लबात पाहिली आहे. देशी खेळाडूंच्या यादीत तीच नावं वर येतात ज्यांनी आपल्याविरुद्ध चांगला खेळ केलेला असतो. मुख्य प्रशिक्षक म्हणतो, ‘अरे, त्याने आपल्या सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) नाचवला होता.’ नाचवला असेल, पण दोन सामने म्हणजे काही पुरावा नाही, आणि कदाचित आपला सेंटर बॅकच त्या दिवशी अर्धा फिट असेल. परदेशी खेळाडूसाठी वीस सामन्यांचे अहवाल मागणारं मंडळ देशी खेळाडूला या दोन आठवणींवर पास करतं. मी एक नियम घालून घेतला आहे: आपल्याविरुद्धचे सामने अहवालात मोजायचेच नाहीत.

आता मैदानाबाहेरचं. इथे परदेशी खेळाडूचा धोका खरोखर मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आंखेल दि मारियाला मँचेस्टर युनायटेडने २०१४ मध्ये ५ कोटी ९७ लाख पौंडांना आणलं, तेव्हाची ती ब्रिटनमधली विक्रमी रक्कम होती. काही महिन्यांत त्याच्या घरात चोर घुसण्याचा प्रयत्न झाला, घरात त्या वेळी कुटुंब होतं. पुढच्या उन्हाळ्यात तो पॅरिसला गेला, सुमारे ४ कोटी ४० लाखांना. दीड कोटीचा फटका. युनायटेडमध्ये त्याची जागाही सतत बदलत होती, तेव्हा सगळं खापर घरफोडीवर फोडता येणार नाही, पण घर अस्वस्थ असेल तर मैदानावर माणूस टिकत नाही, हे खरंच आहे.

मात्र हे सीमेपलीकडून आलेल्यांनाच होतं असं नाही. जेसुस नवास सेव्हियाचा. तरुणपणी घरापासून दूरच्या सराव शिबिरातही त्याला चिंतेचे झटके यायचे, स्पेनच्या आतच. त्याने उपचार घेतले, वेळ घेतला, २०१०चा विश्वचषक जिंकला आणि २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीत जाऊन चार मोसम खेळला. तुमचा देशी फॉरवर्ड जर आयुष्यभर आईवडिलांपासून वीस मिनिटांवर राहिलेला असेल आणि तुमचा क्लब देशाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर हा प्रश्न त्यालाही विचारा. त्याला तो कुणीच विचारत नाही.

जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका क्लबाने परदेशी मिडफिल्डर घेतला, क्लबाचं आणि त्याचं नाव इथे नको. पहिले तीन आठवडे सराव उत्तम. पाचव्या आठवड्यापासून जीपीएसच्या आकड्यांत त्याच्या वेगवान धावा कमी व्हायला लागल्या. फिटनेस कोच म्हणाला थकवा आहे, भार कमी करा. प्रशिक्षक म्हणाला आळशी आहे, बाकावर बसवा. खरा प्रकार असा होता की तो, त्याची बायको आणि आठ महिन्यांचं बाळ हॉटेलच्या एका खोलीत राहत होते. स्वयंपाकघर नाही, बाळ रात्रभर रडायचं, आणि क्लबने दिलेला दुभाषा फक्त सरावापुरता. बाळाला ताप आला तेव्हा डॉक्टरांना काय सांगायचं हे बायकोला कळेना आणि नवरा बाहेरगावच्या सामन्याला गेलेला. शेवटी क्लबच्या ऑफिसातल्या एका बाईंनी स्वतःहून घर शोधून दिलं आणि दुभाष्याचा नंबर बायकोला दिला. आकडे हळूहळू वर आले, पण तोवर प्रशिक्षकाचं मत पक्कं झालं होतं आणि त्याला संघात जागा परत मिळायला पुढचा मोसम उजाडला.

यात खर्च किती होता? एका घराचं भाडं आणि एका माणसाचा अर्ध्या वेळेचा पगार. कोट्यवधींची फी देणारे क्लब इथे हात आखडता घेतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. म्हणून सही करण्याआधीची एक बैठक मी खेळाडूशिवाय घेतो, फक्त जोडीदाराबरोबर किंवा आईवडिलांबरोबर. एजंटला बाहेर बसवतो. मुलांची शाळा, नोकरी, कोण कुठे राहणार, हिवाळा कधी पाहिलाय का, एवढंच विचारतो. ‘आम्ही सहा महिन्यांनी येऊ’ असं उत्तर आलं की मी किमतीत बदल करत नाही, पण पहिल्या सहा महिन्यांकडून अपेक्षा कमी करतो आणि तसं प्रशिक्षकाला लेखी कळवतो.

अपेक्षांचं हे लेखी असणं फार कामाचं. थिएरी ऑन्रीला १९९९ मध्ये आर्सेनलसाठी पहिल्या आठ सामन्यांत गोल मिळाला नव्हता, मोसमाच्या शेवटी त्याचे लीगमध्ये १७ झाले. पॅट्रिस एव्हरा जानेवारी २००६ मध्ये युनायटेडकडून पहिलाच सामना मँचेस्टर सिटीविरुद्ध खेळला आणि मध्यंतरालाच त्याला बाहेर काढलं गेलं. पुढे तो वर्षानुवर्षं तिथला पहिल्या पसंतीचा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) होता. जानेवारीत आणलेल्या परदेशी खेळाडूला रुळायला मोसमच उरत नाही. तुम्ही खाली घसरण्याच्या भीतीने जानेवारीत खरेदी करत असाल तर माझं उत्तर बदलतं: तेव्हा देशी घ्या, किंवा निदान ही लीग आधी खेळलेला परदेशी घ्या.

कागदपत्रांचा धोका परदेशी खेळाडूतच आहे आणि तो निव्वळ निष्काळजीपणाचा असतो. आंतरराष्ट्रीय बदलीला फिफाच्या टीएमएस या बदल्या नोंदवणाऱ्या यंत्रणेतून जावं लागतं आणि जुन्या देशाच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र यावं लागतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला लेस्टरने डॅनी ड्रिंकवॉटरला साडेतीन कोटी पौंडांना चेल्सीला विकलं आणि त्याच्या जागी पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा आद्रिएन सिल्वा घेतला. सिल्वाचे कागद १४ सेकंद उशिरा पोहोचले. फिफाने नोंदणी नाकारली आणि तो १ जानेवारी २०१८ पर्यंत नुसता सराव करत राहिला. जगभर चेष्टा झाली ती लेस्टरची. पण त्याच दिवसाची दुसरी बाजू बघा. ड्रिंकवॉटर इंग्रज, त्याच लीगचा विजेता, कागद वेळेत, सगळं चोख. चेल्सीसाठी तो सर्व स्पर्धा मिळून २३ सामने खेळला, चार क्लबांना उसना दिला गेला आणि पाच वर्षांचा करार संपवून २०२२ मध्ये गेला. सिल्वाही पुढे लेस्टरमध्ये रुजला नाही, हेही सांगायला हवं. तरी १४ सेकंदांची चूक चार महिन्यांत मिटली, ‘सुरक्षित’ खरेदी पाच वर्षं पगार खात राहिली.

वर्क परमिटबाबत एक कलम मात्र पाठ करून ठेवा. फिफाच्या नियमांनुसार वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिट मिळण्याच्या अटीवर खेळाडूशी केलेल्या कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही. सही झाली, परमिट नाकारलं गेलं, तरी करार उभाच राहतो आणि पगाराचा दावाही. म्हणून क्रम असा: आधी तपासणी, आधी परमिटची खात्री, मग सही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून परदेशी खेळाडूला गुण मोजून मान्यता मिळते, १५ गुण लागतात. ते गुण सही करण्याआधी घरी बसून मोजता येतात, तरी लोक एजंटच्या तोंडी आकड्यावर विश्वास ठेवतात.

ओळखीची कागदपत्रंही मुळापासून तपासा. २००१ मध्ये इटलीत बनावट पासपोर्टांचं प्रकरण निघालं, त्यात इंटरच्या आल्व्हारो रेकोबावर बंदी आली. २००२ मध्ये किएव्होच्या ‘एरिबेर्तो’ने स्वतःच कबूल केलं की त्याचं खरं नाव लुसियानो आहे आणि वय काही वर्षांनी जास्त. तेवीस समजून घेतलेला माणूस सत्तावीस निघाला तर पुनर्विक्रीचं सगळं गणित कोसळतं. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या वाटेला तर जाऊच नका. या नियमांच्या भंगासाठी बार्सिलोना, रिआल माद्रिद आणि ॲटलेटिको, तिघांवरही नोंदणीबंदी आली आहे.

देशी खेळाडूची किंमत फुगते ती मुख्यतः कोट्यामुळे. प्रीमियर लीगमध्ये पंचवीस जणांच्या यादीत स्थानिक जडणघडण नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात. युरोपीय स्पर्धांत पंचवीसपैकी आठ जागा स्थानिक घडलेल्यांच्या. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा. या नियमांमुळे देशी खेळाडू म्हणजे फुटबॉलपटू अधिक एक जागा भरणारा दाखला, आणि विकणारा दोन्हींची किंमत लावतो. ड्रिंकवॉटरच्या साडेतीन कोटींत दाखल्याचा वाटा किती असेल ते तुम्हीच बघा. इथे एक फट आहे: इंग्लंडचा आणि युरोपचा नियम राष्ट्रीयत्वावर नाही, एकवीस वर्षांच्या आत किती वर्षं तिथे नोंदणी होती यावर आहे. सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आलेला स्पॅनिश सेस्क फाब्रेगास इंग्लंडमध्ये स्थानिक मोजला जायचा. तुमच्या लीगचा नियम नेमका कसा लिहिलाय ते आधी वाचा.

फक्त देशी घ्यायचं ठरवलं तर काय होतं याचा सगळ्यांत शुद्ध नमुना अॅथलेटिक बिल्बाओ. ते फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतात, आणि हा क्लब स्पेनच्या वरच्या विभागातून कधीही खाली गेलेला नाही, तेव्हा धोरण मूर्खपणाचं मुळीच नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा एमरिक लापोर्त साडेसहा कोटी युरोंना मँचेस्टर सिटीत गेला, आणि त्याच्या जागी त्यांना शेजारच्या रिआल सोसिएदादच्या इन्यिगो मार्टिनेझसाठी ३ कोटी २० लाख युरोंची पूर्ण मुक्ती रक्कम (खेळाडूला सोडवण्यासाठी करारातच ठरलेला आकडा) भरावी लागली. तुमच्या खिशात पैसे आलेत आणि तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असलं की घासाघीस संपते.

पैशांच्या बाबतीत लहान क्लबांना सगळ्यांत जास्त झोंबतो तो थकलेला पगार. परदेशी खेळाडूचा वाद फिफाच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरी पैसे आले नाहीत, तर तो करार तोडून उरलेल्या कराराची भरपाई मागू शकतो. निकालानंतर ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर लागोपाठ तीन विंडोपर्यंत (बदल्यांसाठी खुल्या मुदतींपर्यंत) नव्या खेळाडूंची नोंदणी बंद. देशी खेळाडूचा वाद सहसा देशातल्याच यंत्रणेत राहतो, तिथे तडजोडीला वाव असतो. म्हणून ज्या क्लबाची तिजोरी मोसमाच्या मध्यावर रिकामी होते, त्याने परदेशी खेळाडू घेताना दहादा विचार करावा. त्याचा धोका खेळाडूत नसून क्लबच्या स्वतःच्या रोखीत आहे.

चलनही बघा. फी हप्त्यांनी आणि युरोत, उत्पन्न दुसऱ्या चलनात, असं असेल तर खेळाडू घेतल्यावरही किंमत हलत राहते. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पौंड घसरला तेव्हा इंग्लिश क्लबांचे युरोतले उरलेले हप्ते एका रात्रीत महाग झाले. त्याहून फसवा प्रकार म्हणजे करानंतरचा निव्वळ पगार कबूल करणं. परदेशी खेळाडूंचे एजंट हेच मागतात. सरकारने करसवलत काढली की वाढीव कर क्लबच्या माथी. इटलीतली परदेशातून येणाऱ्यांसाठीची सवलत २०२४ पासून व्यावसायिक खेळाडूंना मिळेनाशी झाली, त्याआधी स्पेनने २०१५ पासून खेळाडूंना आपल्या सवलतीतून वगळलं. करारात आकडा नेहमी करापूर्वीचा घाला. आणि विकणारा क्लब ‘एकता निधी वगळून निव्वळ रक्कम’ म्हणाला तर थांबा: फीच्या पाच टक्के खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात, आणि या शब्दांनी ते पाच टक्के तुमच्या खिशातून वर जातील.

राष्ट्रीय संघाचं बोलावणं हा धोका लोक जरा जास्तच रंगवतात. आफ्रिका कप अनेकदा युरोपीय मोसमाच्या मध्यावर येतो हे खरं, पण तारखा आधी कळतात. पर्यायी खेळाडू तयार ठेवायचा, विषय संपला. एकाच देशाचे तिघे-चौघे घेतले असतील तर मात्र सगळे एकदम जातात.

तसंही एका भाषेचा गट करणं दुधारी आहे. पहिल्या परदेशी खेळाडूला सोबत हवी म्हणून दुसरा घ्यावा, इथवर मी सहमत. न्यूकॅसलने जानेवारी २०१३ मध्ये एकदम पाच फ्रेंच खेळाडू आणले. आदल्या मोसमात पाचवा असलेला संघ त्या मोसमात सोळावा आला. दुखापती होत्या, युरोपा लीगचा ताण होता, देम्बा बा विकला गेला होता, तेव्हा दोष एकट्या खरेदीचा नाही. पण पाच जण एकत्र जेवायला बसले की बाकीच्यांची भाषा शिकायची गरज कुणालाच उरत नाही.

पुनर्विक्रीत परदेशी खेळाडूला एक फायदा असतो. तो तुमच्याकडे फसला तरी मायदेशात त्याचं नाव असतं, तिथला क्लब किंवा तिसऱ्या देशातला क्लब त्याला उचलतो. दि मारियाचे सत्तर टक्क्यांहून जास्त पैसे परत आले, कॅरोलचे निम्मेसुद्धा नाहीत. फसलेला देशी खेळाडू घेणारे गिऱ्हाईक सहसा तुमच्याच लीगमधले, आणि त्यांनी त्याचं फसणं दर आठवड्याला पाहिलेलं असतं. स्वस्त देशी खेळाडू नसतातच असं नाही. लेस्टरने जेमी वार्डीला २०१२ मध्ये फ्लीटवूडकडून दहा लाख पौंडांना घेतलं आणि रियाद माहरेझला २०१४ मध्ये ले आव्हरकडून त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. एक देशी, एक परदेशी, दोघंही अशा विभागांतले जिथे बाकीचे बघत नव्हते. तुमच्या यादीतला देशी फॉरवर्ड वरच्या विभागातला, सगळ्यांना माहीत असलेला आहे. स्वस्ताई त्याच्यात सापडणार नाही.

आता तुमचा निर्णय. उन्हाळी विंडो असेल, परमिट नक्की असेल, घरच्यांशी बोलणं समाधानकारक झालं असेल आणि गोलांची छाननी करून निम्मे तरी उरत असतील, तर परदेशी घ्या. वाचलेल्या पैशातून एक पूर्ण वेळचा सहाय्यक नेमा. यातली एकही गोष्ट डळमळीत असेल तर आधी उसना घ्या आणि ठरावीक सामने खेळल्यावर खरेदी बंधनकारक होईल असं कलम घाला. देशी घ्यायचंच ठरलं तर फीचा मोठा भाग खेळलेल्या सामन्यांशी बांधा. विकणारा क्लब शेजारचा आहे, त्याला खेळाडूचं खरं दुखणं तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशी अट त्याने हसत मान्य केली तर चांगली खूण, धुसफुसला तर पुन्हा एकदा गुडघ्याचा एमआरआय काढा.

पाच वर्षांबद्दल. फिफाच्या नियमांत सर्वसाधारण मर्यादा पाचच वर्षांची आहे, म्हणजे एजंट कमाल मागतोय. हिशोबाच्या वहीत फी कराराच्या वर्षांवर विभागली जाते, त्यामुळे तुमच्या लेखापालालाही लांब करार गोड वाटेल. तरी तीनच वर्षं द्या, फार तर चार, आणि खालच्या विभागात गेल्यास पगार किती टक्क्यांनी उतरेल ते आकड्यात लिहा. एजंट म्हणेल, तीन अधिक दोन करा, शेवटची दोन क्लबच्या मर्जीवर. एकतर्फी मुदतवाढीचं कलम फिफाच्या न्यायाधिकरणापुढे टिकेलच असं नाही, विशेषतः वाढीव वर्षांचा पगार तोच राहत असेल तर. त्याऐवजी चौथं वर्ष खेळलेल्या सामन्यांवर आपोआप सुरू होऊ द्या, पगारवाढीसकट, आणि त्या सामन्यांचा आकडा ठरवताना तुमच्या प्रशिक्षकाला खोलीत घेऊन बसा.